तांड्यावरची येडी

यवतमाळ,
२० ऑगस्ट १९६१

प्रिय गुल,

लग्न होऊन दोन महिने झाले आणि तुझी एक ओळ नाही. दिग्रसला टपालपेटी नाही, की मन्सूरभाईंच्या कापडाच्या दुकानात बसून तू लुगडी उलगडण्यात आणि घड्या घालण्यात एवढी रमलीस? वणीच्या शाळेत तुझी गणितं आपल्या वहीत उतरवून घेणारी एक सलोमी होती, आठवते का?

माझं ऐक. बाबांनी शेवटी मला सोडलं, पण अट घालून. नाताळपर्यंत बघायचं. तोवर या कामात माझा निभाव लागला नाही, तर मुकाट्याने वणीला यायचं आणि खाणीजवळच्या शाळेत मास्तरीण व्हायचं. जागा त्यांनी बोलूनही ठेवली आहे. तुला माहीत आहे, ज्या मुलीला स्वतःची गणितं आली नाहीत तिने दुसऱ्यांना शिकवणं पाप आहे.

आमचं कॉलेज म्हणजे मिशनच्या आवारातल्या चार खोल्या आणि एक कडुनिंब. विषयाचं नाव ऐकून हसू नकोस: ‘ख्रिस्ती दृष्टीने मानवसेवा’. सत्यभामाबाई शिकवतात. त्या उंच आहेत, फारशा बोलत नाहीत, आणि प्रश्न असे विचारतात की उत्तर आपल्याला येतं असं वाटतं आणि येत नाही. वाटेत लुटून टाकलेल्या जखमी माणसाची गोष्ट प्रभूने सांगितली आहे ना, परक्या जातीचा एक वाटसरू त्याला उचलून धर्मशाळेत नेतो ती? आम्हाला पाठ आहे. बाईंनी विचारलं, “तो जखमी माणूस शुद्धीवर आल्यावर त्या वाटसरूला काय म्हणून हाक मारेल?” कोणी म्हणालं साहेब, कोणी म्हणालं देवदूत. मी म्हटलं, काहीच नाही, वाटसरू तोवर निघून गेलेला होता. बाई म्हणाल्या, “अर्धं बरोबर.” उरलेलं अर्धं त्यांनी सांगितलं नाही.

प्रत्येकीला एक वस्ती दिली आहे. मला खेमसिंग नायकाचा तांडा मिळाला; नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. बंजाऱ्यांची वस्ती आहे, निम्मी वाट एस.टी.ची आणि निम्मी चिखलाची. नाताळाआधी सत्यभामाबाई स्वतः तिथे जाऊन नायकाला विचारणार, ही मुलगी तुम्हाला हवी का? तो हो म्हणाला तर मी पुढे शिकणार. नाही म्हणाला तर खाणीजवळची शाळा आहेच.

पहिल्याच दिवशी नायकाने मला विचारलं, “बाई, तुमी आमाले किरिस्ताव कराले येऊन राह्यल्या का?” मी म्हटलं, नाही, पोरांची खरूज घालवायला आले. तो म्हणाला, “खरूज आमची जुनी हाये. तिचा आमाले काई तरास नाई.”

तेव्हा प्रार्थना कर. तुझ्या पद्धतीने केलीस तरी चालेल.

तुझी,
सलोमी


दिग्रस,
३ सप्टेंबर १९६१

प्रिय सलो,

माझ्या पद्धतीची प्रार्थना दिवसातून पाच वेळा होते, तेव्हा तुझा नंबर कुठेतरी लागेलच. खरूज जावी म्हणून मागू, की खरजेने तुला ठेवून घ्यावं म्हणून?

पत्र लिहिलं नाही कारण इथे लिहिणारीपेक्षा वाचणारे जास्त. सासरे निजामुद्दीनसाहेब दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, टपाल आधी त्यांच्या हातात पडतं. मोठे सज्जन आहेत. पाकीट फोडत नाहीत, नुसतं उजेडात धरतात. तेव्हा तू पाकीटच पाठव. पोस्टकार्ड पाठवलंस तर अख्खं दुकान वाचेल आणि गिऱ्हाइकं सल्ले देतील.

सासू हजराबी. त्यांच्याबद्दल काय लिहू? माझ्या भाकरीला त्या ‘वणीचा नकाशा’ म्हणतात. मी हसले तर म्हणतात हसते कशाला, गप्प बसले तर म्हणतात तोंड कशाला पाडते. मन्सूर म्हणतो, “अम्मी बोलते ते मनावर घेऊ नको.” तो स्वतः मनावर घेत नाही, कारण त्याला दुकानात जाता येतं. मी जाते ते फक्त गठ्ठे सोडवायला, दुपारी.

तुझं मला कळतच नाही. माणसं लग्न करून परक्या घरी जातात, तेही घरच्यांनी ढकललं म्हणून. तू आपण होऊन चिखलातून चालत परक्या घरी जातेस आणि वर त्यांनी तुला पसंत करावं म्हणून वाट बघतेस. म्हणजे तुझं सासर माझ्यापेक्षा मोठं. अख्खा तांडा सासू.

पोरांना खायला काही नेत जा. खरजेपेक्षा गूळ लवकर लागतो.

तुझी,
गुल


यवतमाळ,
८ ऑक्टोबर १९६१

प्रिय गुल,

गूळ नेला. उपयोग झाला, म्हणजे गूळ संपला.

पण खरजेचंही जमलं. मी काय करते ते सांगते, हसू नकोस. सुखीबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या अंगणात चूल मांडते, मोठ्या पातेल्यात पाणी तापवते, आणि एकेका पोराला पाटावर बसवून हातपाय साबणाने धुते. बोटांच्या बेचक्यांत गंधकाचं मलम लावते. कपडे उकळते. बायका कमरेवर हात ठेवून बघत राहतात. धुण्याची वेळ आली की पोरं पळतात, फक्त सुखीबाईची नात जमनी पळत नाही. सहा वर्षांची असेल. तिची आई दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. माझ्यासारखीच म्हण. ती पाय पुढे करून बसते आणि मी धूत असताना माझ्या डोक्याकडे बघत राहते, जणू केसांत काही हरवलंय.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात तिचे पाय पुसत होते, आणि ती अगदी स्पष्ट म्हणाली, “येडी.” मला वाटलं चुकून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी वाट चढून येताना ती ओरडत घरात गेली. काय ते सगळं कळलं नाही, पण त्यात ‘येडी’ होतं. आणि गुल, आता सगळा तांडा म्हणतो. बायका आपसात त्यांच्या बोलीत बोलतात आणि माझ्याकडे बघून येडी म्हणतात, हसतात. वणीला आपण गोंडी ऐकली, कोलामी ऐकली, खाणीतल्या लोकांची तेलुगू ऐकली; ही बोली मात्र कानावरून गेलेली नाही. एवढा एक शब्द तेवढा मराठी, आणि तोच माझ्या वाट्याला.

वर्गात आम्ही शिकतो की सेवा करणाऱ्याने आभाराची अपेक्षा ठेवू नये. मी ठेवत नव्हते, शपथेवर सांगते. पण आभार नकोत म्हणजे शिवी चालेल, असं तर नव्हतं ना? प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांनाही कोणी वेडा म्हटलं असेल. मग त्यांनी काय केलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. माझी पंचाईत आहे.

तुझी,
सलोमी


दिग्रस,
१७ ऑक्टोबर १९६१

प्रिय येडे,

अखेर एक तांडा निघाला, ज्याने तुला बरोबर ओळखलं. आम्हाला शाळेत आठ वर्षं लागली.

रागावलीस? नाही रागावलीस. आता नीट ऐक. दुसऱ्यांची पोरं धुणारी, मास्तरणीची नोकरी सोडून चिखल तुडवणारी मुलगी शहाणी आहे असं मीही कोणाला पटवून देऊ शकणार नाही. पण मी म्हटलं तर ते लाड. त्यांनी म्हणायचं काय कारण? तू नायकाला सरळ सांग. म्हण, नायक, मी तुमच्या पोरांसाठी येते आणि लोक मला असं म्हणतात, मला आवडत नाही. सासरी पहिल्या महिन्यात जे खपवून घेतलं ते जन्मभर खपवावं लागतं, हे मी तुला अनुभवाने सांगते. ‘नकाशा’ आता कायमचा झाला आहे.

बाकी ठीक. काल मी वाटीने कापून भाकरी गोल केली. अम्मी म्हणाल्या, “हे कोणत्या देशाचं?”

तुझी शहाणी,
गुल


यवतमाळ,
२५ नोव्हेंबर १९६१

प्रिय गुल,

तुझं ऐकलं. बरं केलं की वाईट, ते तू ठरव.

दिवाळीला सुखीबाईने मला ठेवून घेतलं. संध्याकाळी तांड्यातल्या कुंवार पोरी नवे कपडे घालून, हातात दिवे घेऊन दारोदार फिरल्या. प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे थांबायचं, दिवा ओवाळायचा आणि गाण्यासारखं काही म्हणायचं. फार देखणं होतं. मग त्या सुखीबाईच्या दारात आल्या. तिला ओवाळलं, आणि माझ्याकडे वळल्या. दिवा माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणू लागल्या, त्यात पहिलाच शब्द येडी. सगळ्यांसमोर, सुरात. मागे बायका हसत होत्या. सर्वांत पुढे जमनी होती, तिच्या हातात दिवा नीट राहत नव्हता.

मी सकाळी नायकाकडे गेले. म्हटलं, “नायक, हे लोक मला येडी म्हणतात.”

तो दात घासत होता. म्हणाला, “म्हनतेत त काय झालं? तुमी हायेच तशा.”

गुल, इतक्या शांतपणे. मी म्हटलं, “मला आवडत नाही. मी तुमची येडी नाही. पुन्हा म्हणू नका म्हणावं.”

त्याने काडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “बरं. नाई म्हननार.”

आणि कोणी म्हणत नाही. शब्द पाळला त्याने. मी जाते, तर बायका रामराम करतात आणि आत जातात. सुखीबाई चूल पेटवून देते आणि बोलत नाही. पोरं येतात, धुवून घेतात, जातात. जमनीने एकदा तोंड उघडलं तशी मीच म्हटलं, “ते म्हणायचं नाही हं.” तेव्हापासून ती दाराच्या खांबामागे उभी राहते. पाय धुवायला येत नाही. आधी चिडवत होते तेव्हा निदान बोलत तरी होते.

मी सत्यभामाबाईंना सांगितलं, मला दुसरी वस्ती द्या. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या वस्तीत तूच जाशील ना?” शनिवारी, सोळा डिसेंबरला, त्या नायकाला विचारायला जाणार आहेत. तो काय सांगणार ते मला आत्ताच माहीत आहे.

तुझी,
सलोमी


दिग्रस,
११ डिसेंबर १९६१

सलो,

बसून वाच. उभी असशील तर आधी बस.

काल दुपारी मी गठ्ठे सोडवायला दुकानात होते. भुरीबाई म्हणून एक बंजारीण आली, मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला. दर वर्षी येते म्हणे. अम्मी आतल्या दारात बसल्या होत्या. भुरीबाईने कापडाला हात लावायच्या आधी त्यांच्याकडे बघून म्हटलं, “येडी, पानी दे वं थोडं.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सहा महिने मी जे मनात म्हणत होते ते कोणीतरी भरदुकानात म्हटलं. मी हातातला गठ्ठा तसाच ठेवला, आता काय होतं ते बघायला. आणि अम्मी उठल्या, हसल्या, लोट्यात पाणी आणून दिलं, वर विचारलं, मुलगी बरी आहे ना. ज्या बाईला माझ्या भाकरीचा आकार सोसत नाही तिला हे चाललं.

भुरीबाई गेल्यावर मी मन्सूरला हळूच म्हटलं, “ती अम्मींना येडी म्हणाली आणि तुम्ही गप्प?” तो म्हणाला, “मग काय म्हणेल? मला भिया म्हणते, म्हणजे भाऊ.” हे अम्मींनी ऐकलं. म्हणाल्या, “येडी नाही गं, याडी. याडी मतलब मां, पगली.”

मां, सलो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

मी का विचारलं ते अम्मींनी खोदून काढलं, आणि सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की पदर खाली आला. सासरे गल्ल्यावरून विचारत होते, “क्या हुआ, क्या हुआ?” आता घरात दोघीच असलो की त्या आतून हाक मारतात, “याडी मी, येडी कोण?” आणि मला ओ द्यावी लागते.

पण रात्री तुझी सगळी पत्रं काढून वाचली आणि माझं हसू गेलं. जमनी आधी म्हणाली होती. तू तिचे पाय पुसत होतीस. मग दिवाळीला त्या पोरी दिवे घेऊन आल्या, वडीलधाऱ्यांपुढे थांबत थांबत, आणि तुझ्यापुढेही थांबल्या. आणि दुसऱ्या दिवशी तू नायकाला जाऊन सांगितलंस की मी तुमची याडी नाही. पुन्हा म्हणू नका.

असं सांग म्हणून तुला ज्या पत्राने शिकवलं, ते फाडून टाक. किंवा ठेव, मला दाखवायला.

शनिवारच्या आत जा.

गुल


(पोस्टकार्ड)
यवतमाळ, १२ डिसेंबर १९६१

प्रिय गुल, पाकिटं संपली म्हणून कार्ड. दुकानाला माझा रामराम. सामान बांधून ठेवलं आहे. शनिवारी बाई एकट्याच तांड्यावर जातील, मी जाणार नाही. नको म्हणताना ऐकायचं कशाला? बाबांना शाळेचं कळवून टाकते. मलमाचे डबे आणि पातेलं सुखीबाईकडेच राहू दे, त्यांच्या कामाचं आहे. सलोमी.


(तार)
दिग्रस, १४ डिसेंबर १९६१

याडी म्हणजे आई. सामान सोड. पत्र वाच. गुलनार.


यवतमाळ,
१९ डिसेंबर १९६१

प्रिय गुल,

पुन्हा कधी मला तार करू नकोस. तारवाला आला म्हणताच वसतिगृह रडायला लागलं. मेट्रनबाईंनी ‘आई’ एवढंच वाचलं आणि मला मिठी मारली. मी म्हटलं, माझी आई मी चार वर्षांची असतानाच गेली. तर म्हणाल्या, मग ही कोण? तुझं पत्र त्याच दिवशी दुपारी आलं. बसून वाचलं, आणि उठून सामान सोडलं.

शुक्रवारी पहिल्या एस.टी.ने गेले. वाटेत सगळं पाठ केलं होतं, नायकाची माफी कशी मागायची, कोणत्या शब्दांत. तो अंगणात दोर वळत होता. मला बघून उठला नाही. मी समोर उभी राहिले आणि सगळी पाठ केलेली वाक्यं गेली. तोंडातून एवढंच आलं, “नायक, मी येडी आहे.”

मला म्हणायचं होतं, मी मूर्ख आहे, मला कळलं नाही. त्याने ऐकायचं ते ऐकलं. दोर खाली ठेवला आणि म्हणाला, “मंग? आमी काय म्हनून राह्यलो होतो?” आणि मान मागे करून तांडाभर ऐकू जाईल असं काहीतरी ओरडला. त्यात तो शब्द होता, आणि या वेळी मी तो नीट ऐकला. आईच्यान सांगते गुल, त्यात एक काना आहे. मी दोन महिने ऐकलाच नव्हता.

शेवटी अर्थाची गंमत मी त्याला सांगितलीच. तो आधी हसला नाही. विचार करून म्हणाला, “दुसऱ्याचे लेकरं धुवून राह्यली, म्हंजे थोडी येडीबी असनच.” मग हसला.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई आल्या. सगळ्यांसमोर विचारलं, ही मुलगी तुम्हाला हवी का? नायक म्हणाला, “बाई, असं याडीले कोनी इचारते का, हवी का नाई?” बाई हसून त्याच्याच बोलीत काही म्हणाल्या. बाईंना त्यांची बोली येते, गुल. मला तेव्हा कळलं. मी येडी म्हणतात म्हणून तक्रार केली असती तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण तो शब्द मला लाजेने त्यांच्यापुढे उच्चारताच आला नव्हता, नुसतं ‘लोक मला नको म्हणतात’ एवढंच सांगितलं होतं.

परतताना त्यांना म्हटलं, त्या वाटसरूच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं मला सापडलं असावं. तो निघून गेला, हे खरं. पण जाताना धर्मशाळेच्या माणसाला ‘मी परत येईन’ असं सांगून गेला होता. गोष्ट पाठ असून ते वाक्य मी कधी धरलंच नव्हतं. कोणीतरी हाक मारली असणार, त्याशिवाय माणूस परत येईन म्हणत नाही. बाई म्हणाल्या, “असेल.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

बाबांना लिहिलं आहे. त्यांना राग येईल, मग नाताळाला ते केक घेऊन इथेच येतील. मी त्यांना लिहिलं, की तांड्यावर मी येडी असते तर घरी परत येता आलं असतं. आता कशी येऊ? त्यांना हे कळणार नाही. तू भेटशील तेव्हा समजावून सांग. हजराबींना माझा आदाब सांग, आणि सांग की तुझी भाकरी मला आवडते. नकाशात वणी तरी दिसते.

खरं सांगू का? वेडी म्हणत होते तेव्हा मला राग येत होता, पण झोप लागत होती. आता राग नाही. वीस वर्षांची मुलगी मी, आई म्हणून कोणाला हाक मारायची मला सवय नाही, ओ द्यायची तर मुळीच नाही. भीती वाटते. पण गुरुवारी परत जायचं आहे, तेव्हा भीतीसुद्धा पिशवीत घालून नेईन, मलमाशेजारी.

तुझी येडी (तुला हवं तर काना दे),
सलोमी

ता. क. जमनीचं लिहायचं राहिलं. नायक ओरडला तेव्हा सगळ्या बायका बाहेर आल्या, ती आली नाही. मी सुखीबाईच्या अंगणात गेले, काही न बोलता चूल पेटवली, पाणी ठेवलं. पाणी तापेपर्यंत खांबामागून काही हललं नाही. मग ती आली, पाटावर बसली आणि पाय पुढे केले. खरूज केव्हाच बरी झाली होती, बोटं स्वच्छ होती, धुण्यासारखं काही नव्हतं. मी साबण घेतला आणि धुतले.